आधी दरेकसा, मग आफ्रिका

हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी बोरतलाव मागे टाकते, बोगदा पार करते आणि महाराष्ट्रात शिरते, तेव्हा पहिले स्थानक लागते ते दरेकसा. बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला दाट जंगल दिसते, मधूनच धानाच्या बांध्या दिसतात आणि क्षणार्धात सारे मागे पडते. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याचे हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे ते हाजरा धबधब्यामुळे आणि अवघ्या गोंड समाजाला ते पूज्य आहे ते जवळच्या कचारगडच्या गुहांमुळे. वृत्तपत्रांच्या वाचकांनी मात्र दरेकसा हे नाव कित्येक वर्षे वाचले ते नक्षलवाद्यांच्या एका दलमाचे नाव म्हणून.

अशा या गावाचा आफ्रिकेशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे आणि तो वरवरचा नाही. परदेशी स्वयंसेवी संस्थांमार्फत केनिया, घाना, युगांडा किंवा मलावी येथे जावे, तेथील शेतकऱ्यांच्या मालाला बाजार मिळवून देण्यासाठी काही महिने विनामोबदला राबावे, अशी ओढ शिकलेल्या मराठी तरुणांमध्येही आढळू लागली आहे. कृषी पदवीधर आहेत, व्यवस्थापन शिकलेले आहेत, संगणकाच्या नोकरीतून वर्षभराची रजा घेऊ पाहणारेही आहेत. या ओढीची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतात. ‘घरचे उपाशी आणि बाहेरच्यांना पंगत’ असा टोमणा ठरलेला असतो. परंतु ज्या समाजातील तरुणांना परक्याच्या शेताची चिंता वाटते तो समाज जिवंत आहे, असेच म्हटले पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, ही मंडळी तेथे जाताना बरोबर काय घेऊन जाणार? पदवी, उत्साह आणि इंग्रजी एवढेच घेऊन जाणार असतील, तर जगाला अशा पाहुण्यांचा अनुभव फार जुना आहे.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता स्वेच्छेने प्रजेच्या पंचायतींकडे सोपविली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या त्या प्रयोगात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत अग्रभागी होते. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखातील गावे आपला कारभार कसा चालवितात, कोठे अडखळतात, हे या राजपुत्राने जवळून पाहिले. तेच आप्पासाहेब १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. पूर्व आफ्रिका तेव्हा ब्रिटिशांच्या टाचेखाली होती. तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकन जनतेच्या न्याय्य आकांक्षांबरोबर उभे राहावे, हा आग्रह त्यांनी धरला. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकता यावे म्हणून शिष्यवृत्त्यांची वाट मोकळी केली. वसाहत सरकारला हे मानवणे शक्यच नव्हते. त्याच्या तक्रारींमुळे १९५४ मध्ये आप्पासाहेबांना तेथून परतावे लागले. त्यांच्या कामाचे मोल अनेकांनी केले आहे. पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. नैरोबीच्या आधी त्यांच्या आयुष्यात औंधची खेडी येऊन गेली होती.

दुसऱ्या देशातील शेतकऱ्याला मदत करण्याचे पाश्चात्त्य मार्गही पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत १९८५ च्या शेतीविषयक कायद्याने एक कार्यक्रम सुरू झाला. अनुभवी शेतकरी, पशुवैद्य, सहकारी संस्थांचे जाणकार अशी मंडळी सामान्यतः दोन ते चार आठवड्यांसाठी गरीब देशांत जात आणि तेथील शेतकऱ्यांना आपले ज्ञान फुकट देत. या कार्यक्रमाला पुढे ज्यांचे नाव देण्यात आले त्यांतील एक म्हणजे जॉन ओगोनोव्स्की. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविण्यात आलेल्या पहिल्या विमानाचे हे कप्तान घरी शेतकरी होते आणि कंबोडियातून आलेल्या निर्वासितांना त्यांनी आपल्या शेतावर जमीन कसायला दिली होती. अशा माणसाच्या नावाचा कार्यक्रम हेतूने वाईट असेल असे कोण म्हणेल? परंतु २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकी अध्यक्षांच्या एका आदेशाने परदेशी मदत गोठविली गेली, १ जुलै २०२५ पासून यूएसएड ही संस्थाच स्वतंत्रपणे उरली नाही आणि तिच्या पैशावर चालणारे हे कामही त्या तडाख्यात सापडले. हजारो मैलांवरच्या एका स्वाक्षरीने आफ्रिकेतील किती गावांतील प्रशिक्षणे, भेटी, बैठका थांबल्या असतील! अशा वेळी गावात उरते ते फक्त गावाने आपल्या हाताशी बांधून घेतलेले असते.

नेमके काय उरावे, हे ओळखण्याची दृष्टी दरेकशाच्या रानात मिळते.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोह गळू लागतो. बायका-मुले टोपल्या घेऊन निघतात, उन्हे चढण्यापूर्वी फुले वेचतात, अंगणात वाळवितात. वाळलेली फुले घरात फार काळ राहत नाहीत. मीठ-तेल आणायचे असते, आजारपण असते. गावोगाव फिरणारा छोटा व्यापारी, ज्याला या सीमाभागात कोचिया म्हणतात, तो दारात येतो, त्याच्याच तराजूत माल जोखला जातो आणि भावही तोच सांगतो. पावसाळ्यात तीच फुले त्याच घराने विकत घेतली तर दाम वेगळा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरील आणि साठवणुकीवरील निर्बंध उठविले, ते योग्यच झाले. परंतु कायद्याने साठविण्याची मुभा दिली म्हणून घरात साठविण्याची ऐपत येत नाही.

मोहाच्या बीपासून तेल निघते. या मोहाच्याच कुळातील एक झाड आफ्रिकेच्या माळरानांवर सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेले आहे. त्याचे नाव शिया. त्याच्या बियाही बायकाच वेचतात, त्याही पहाटे निघतात, त्याही उकडून-वाळवून विकतात. युरोपीय संघाने २००० साली एक निर्देश काढला. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज पाच टक्क्यांपर्यंत कोणती वनस्पतिजन्य स्निग्धे वापरता येतील, याची त्यात यादी आहे. सहा नावे आहेत. त्यांत शिया आहे, आपल्या मध्य भारताच्या जंगलातील साल आहे आणि कोकणातील कोकमही आहे! बुर्किना फासोची शेतकरीण, छत्तीसगडची गोंड स्त्री आणि रत्नागिरीची कोकम फोडणारी म्हातारी या तिघी एकाच कागदावर एका ओळीत बसल्या आहेत आणि तिघींनाही त्याचा पत्ता नाही. शियाच्या बिया प्रामुख्याने कच्च्याच निघून जातात. त्यांचे शुद्धीकरण आणि मोलाची वाढ होते ती डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्समध्ये. अखेर नायजेरियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कच्च्या बियांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. बंदीचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र बी वेचणाऱ्या बाईच्या गावात घाणा नसेल, तर बंदीच्या काळात तिचे काय होते, हेही कोणी तरी जाऊन पाहिले पाहिजे.

डिंकाची कथाही अशीच आहे. गोंदिया हे नावच गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे सांगितले जाते. जगातील बाभूळवर्गीय डिंकाचा सर्वांत मोठा पुरवठादार सुदान. अमेरिकेने १९९७ मध्ये त्या देशावर आर्थिक निर्बंध लादले, पण शीतपेयांना आणि औषधांना लागणाऱ्या डिंकाला मात्र पुढे सूट द्यावी लागली. महासत्तेला ज्याच्यावाचून चालले नाही तो पदार्थ खरवडणारा कोर्दोफानचा माणूस श्रीमंत झाला का? झाला नाही.

दरेकसा राज्याच्या सीमेवर आहे, हाही या शिक्षणाचा एक भाग आहे. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा केंद्राचा आधारभूत भाव क्विंटलमागे २३०० रुपये होता. बोगद्यापलीकडच्या छत्तीसगडात शासनाच्या योजनेमुळे नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला एकूण ३१०० रुपये मिळत होते. महाराष्ट्रात हेक्टरी प्रोत्साहन रक्कम होती, पण ती वेगळ्या रीतीने आणि मागाहून मिळणारी. साहजिकच धान सीमा ओलांडू पाहते आणि ते अडविण्यासाठी छत्तीसगडच्या हद्दीत नाके बसतात. फायदा होतो तो शेतकऱ्याकडून पडत्या भावाने घेऊन पलीकडे दुसऱ्याच्या नावावर घालणाऱ्या मधल्यांचा. आता घानाकडे पाहावे. तेथे कोकोचा भाव सरकारी मंडळ ठरविते. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोने विक्रमी उंची गाठली, सरकारी भाव मागे राहिला आणि घानाचा कोको चोरवाटांनी शेजारच्या देशांत गेला. ज्याने सालेकसा तालुक्यातील धानखरेदीचा एक हंगाम पाहिला आहे, केंद्र उघडण्याची वाट पाहणारा शेतकरी आणि उधारीपायी आधीच माल देऊन बसलेला शेतकरी यांतील फरक ओळखला आहे, त्याला घानाच्या सीमेवरील गाव समजावून सांगावे लागणार नाही. न पाहिलेला पदवीधर तेथे जाऊन ‘मूल्यसाखळी’वर व्याख्यान देईल.

व्याख्याने देणाऱ्यांचे काय होते, याची एक गोष्ट एर्नेस्टो सिरोली हे इटालियन गृहस्थ सांगतात. १९७० च्या दशकात ते तरुण असताना एका इटालियन संस्थेबरोबर झांबियात गेले. झांबेझीच्या काठी जमीन काळीभोर, पाणी मुबलक आणि लोक मात्र शेती करीत नाहीत, हे पाहून मंडळींना आश्चर्य वाटले. त्यांनी टोमॅटो लावले. पीक विलक्षण आले. फळे लाल झाली त्या रात्री नदीतून पाणघोडे वर आले आणि सारे मळे फस्त करून गेले. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. या गोष्टीला सभागृहे हसतात. गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी कदाचित तितका हसणार नाही. रानडुकरांनी बांधी तुडविलेली त्याने पाहिली आहे आणि २०२२ पासून जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गावांनी रानटी हत्तींचा कळपही अनुभवला आहे.

दरेकशाकडचेच एक उदाहरण घ्यावे. मोहाची फुले जमिनीवर पडली की त्यांना माती लागते. शिवाय फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो, रानही वाचते. उपाय उत्तमच आहे. परंतु मध्य भारतातील अनेक गावांत कोणते झाड कोणत्या घराने वेचावयाचे, याची पिढीजात वहिवाट असते. कोणत्याही कागदावर ती नसते. ती न विचारता एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने दहा झाडांना जाळ्या बांधल्या, तर त्याने गावाला स्वच्छ फुले दिली की भांडण दिले?

विचारून केलेले काम कसे असते, तेही आफ्रिकेतच दिसते. पश्चिम आफ्रिकेत चवळी हे गरिबाचे पीक. सुगीनंतर काही महिन्यांत भुंगा सारे दाणे पोखरतो, म्हणून शेतकरी कापणी होताच पडत्या भावाने विकून मोकळा होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये काम करून साधा तोडगा शोधला: आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेले पोते, तोंड घट्ट बांधलेले. हवा संपते आणि किडा मरतो; औषध लागत नाही. २००७ पासून या पिशव्यांचा मोठा प्रसार झाला. प्रसाराची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गावासमक्ष पिशवी भरायची, गावातच ठेवायची आणि काही महिन्यांनी पुन्हा गाव गोळा करून सर्वांदेखत उघडायची. दाणा शाबूत निघाला की भाषणाची गरज उरत नाही. पिशव्या पुढे गावच्या दुकानदाराने विकायच्या. शिकविणारा निघून गेला तरी दुकान तेथेच राहते.

आपल्याकडचे असे काम दरेकशापासून फार दूर नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाबरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांनी कित्येक दशके काम केले. २०२५ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. ते सर्वोदयी विचारांचे. त्यांच्याशी मतभेद असणारे पुष्कळ असतील. परंतु त्यांनी गावाचे पुढारीपण घेतले नाही. अभ्यासगट बसविले, माहिती आणून दिली आणि निर्णय एकमताने गावाने घ्यावयाचा, हे पथ्य पाळले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू आपण विकला. पुढे २०१३ मध्ये गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी वन विभागाच्या लिलावातून बाहेर पडून तेंदूपत्ता स्वतः विकण्याचे ठरविले. नागपूरच्या एका निसर्गसंस्थेचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते.

तेंदूचा व्यवहार बाहेरून सोपा दिसतो. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पण पुडे मोजणार कोण, खराब पुडा कोणता हे ठरविणार कोण, पावसाने भिजलेल्या पानांचा तोटा कोणी सोसायचा, मजुरी आठवड्याला की हंगामाअखेर, ठेकेदाराने हप्ता चुकविला तर करारात काय लिहिले आहे? हे सारे ग्रामसभेच्या वहीत यावे लागते. ही वही लिहिण्यास शिकविणे, ती दर बैठकीत मोठ्याने वाचली जाईल असे पाहणे, गावातील दोन मुली आणि दोन मुलगे तिच्यात तरबेज झाले की आपली लेखणी खाली ठेवणे, हेच शेतमालाच्या व्यवसायातील खरे स्वयंसेवन आहे. त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, हा त्याचा एकमेव दोष.

छायाचित्रांवरून आठवण होते ती कृषी महाविद्यालयांच्या कार्यानुभवाची. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यांत जातात. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके करतात. जिल्हा पानावर त्यांची बातमी येते. योजना चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एका सत्राच्या मुदतीत रोवणी दिसते आणि मोह राहून जातो, मोह दिसला तर धानखरेदी राहून जाते. वर्षाचे चक्र पुरे झाल्याखेरीज शेतकऱ्याची तंगी कोणत्या महिन्यात येते, तो सवाई-दिढीने धान केव्हा उचलतो, हे कळत नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा विदर्भातील सेवासंस्था यांनी ठरविले, तर आफ्रिकेत जाऊ इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात एक वर्षाच्या निवासाची सोय करणे अशक्य नाही. भारत सरकार १९६४ पासून आयटेक योजनेखाली आफ्रिकेतील अधिकाऱ्यांना येथे आणून प्रशिक्षण देत आले आहे. त्यांच्यापैकी काहींना दरेकशात आणावे, तेथील ग्रामसभेशेजारी बसवावे. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे तेथे आपोआप ठरेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, दरेकशाचा वापर आफ्रिकेची तालीम करण्यासाठी का करावा? गोंड बांधव म्हणजे काही सरावाचे मैदान नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर वर्षभराच्या अटीत आहे. जो आठ दिवसांसाठी येईल तो वापर करून जाईल; जो भर पावसाळ्यात पऱ्हे उपटावयास वाकेल आणि मे महिन्यात तेंदूच्या फडावर पुडे मोजेल, त्याच्याकडून गावही काही काम करून घेईल. त्यांतील काही जण आफ्रिकेला न जाता येथेच राहतील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. सेवेच्या नावाने गेलेल्यांच्या मागोमाग व्यापार जातो. २०१० च्या सुमारास कर्नाटकातील एका कंपनीने इथिओपियाच्या गांबेला प्रांतात प्रचंड जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली; पुराने शेते बुडाली, योजना फसली आणि स्थानिकांच्या मनात भारतीय या शब्दाविषयी कटुता राहिली. म्हणून तर तेथे आधी कोण जातो याला महत्त्व आहे. आप्पासाहेब पंतांच्या नावाशी जोडलेले भारताचे नाव जमिनीच्या पट्ट्यांशी जोडले जाणे परवडणारे नाही. तेथील शेतकरीण भारतीय पाहुण्याला पहिला प्रश्न जमिनीविषयीच विचारील आणि तो तिने विचारावाच.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. अनेक राज्यांतून गोंड समाज येतो, धनेगावच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, दरेकशाच्या लहानशा स्थानकावर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. यात्रा पांगते, रान पुन्हा निवांत होते आणि महिनाभरात मोह गळू लागतो. ज्याला आफ्रिकेला जायचे आहे त्याने तेव्हा यावे, पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्यांच्या मागे चालावे आणि सायंकाळी तराजू दारात आला की काटा कोणत्या बाजूला झुकतो ते पाहावे.